काई होत नाई भाऊ!

एक जुनी बातमी आठवते का बघा. जून २०२२. आपल्या अमरावती-अकोला रस्त्याने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ ने, गिनेस बुकात नाव लावलं. १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी लेन! ३ जूनच्या सकाळी काम सुरू झालं आणि ७ जूनच्या संध्याकाळी संपलं. आधीचा विक्रम कतारचा होता, २०१९ सालचा, सव्वापंचवीस किलोमीटरचा. ज्या रस्त्याला आपण वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, ज्या रस्त्यावर बडनेरा सोडलं की देव आठवायचा, तोच रस्ता एकदम जगात पहिला. वऱ्हाडातल्या माणसाला याचं किती कौतुक वाटलं असेल ते पुण्या-मुंबईच्या मंडळींना कळणार नाही.

योगायोग असा की त्याच महिन्यात फोक्सवॅगनची व्हर्टस भारतात आली. तिची भावंड स्कोडा स्लाव्हिया काही महिने आधी येऊन बसली होती. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस, आणि किंमत अशी की हिंजवडीत किंवा हैदराबादला सात-आठ वर्षं काढलेला आपला पोरगा कर्ज काढून घेऊ शकेल. त्याच्याही वरची पायरी म्हणजे ऑक्टेव्हिया आरएस. ती २०२० मध्ये देशभरात फक्त २०० आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फक्त १००, त्यामुळे ती बहुतेकांच्या वॉलपेपरवरच असते. पण एकूणात काय, तर रस्ता आला, गाडी आली, आणि दोन्हीच्या पाठोपाठ ‘फिटमेंट’ आली.

फिटमेंट म्हणजे काय? कंपनीची १६ इंची चाकं काढायची, १८ इंची अलॉय घालायची, आणि ती मडगार्डच्या आत दबलेली दिसतात म्हणून मागे स्पेसर टाकून बाहेर काढायची. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची अॅल्युमिनियमची चकती. ५ मिलिमीटर, १०, १५, २०, मागाल तेवढी जाड. दिवाळीत राजकमल चौकात उभं राहिलं की एमएच-१२ च्या अशा चार गाड्या मोजून होतात. आणि दुकानात विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं: "काई होत नाई भाऊ."

आजचा लेख या चार शब्दांच्या विरोधात आहे.

गैरसमज नको, म्हणून आधीच सांगतो. मी अलॉय व्हीलच्या विरोधात नाही. गाडी देखणी असावी असं वाटणं यात पाप नाही, आणि ‘गाडी ही पॉइंट ए वरून पॉइंट बी ला जाण्यासाठी असते’ म्हणणाऱ्या काकांशी माझं कधीच जमलेलं नाही. स्पेसर ही वस्तूसुद्धा मुळात वाईट नाही. पोर्शसारखी कंपनी स्वतःच्या ९११ ला ५ मिलिमीटरचे स्पेसर कारखान्यातून ऑप्शन म्हणून द्यायची, लांब बोल्टांसकट. माझं म्हणणं एवढंच आहे: स्पेसर हा सुटा भाग नाही, तो एक हिशोब आहे. ज्याने हिशोब केला नाही त्याने तो विकू नये, आणि ज्याने हिशोब विचारला नाही त्याने तो लावू नये. कारण चूक झाली तर बिल फक्त तुमच्या नावावर फाटत नाही.

आता हिशोब काय ते बघू.

रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी ४५’ असं काहीतरी कोरलेलं असतं. तो ऑफसेट. रिमच्या रुंदीची मधली रेघ आणि रिम हबला जिथे टेकते ती पाठ, यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा मूळ रिम साडेसहा इंच रुंद, ईटी ४५. तुम्ही घेतली आठ इंची, ईटी ३५. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे दोन्हीकडे १९-१९ मिलिमीटर. त्यात ऑफसेटचे १०. बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर आली, आणि अजून स्पेसरला हातही लावलेला नाही. वर १५ चा स्पेसर टाकला की झाले ४४. जवळपास साडेचार सेंटिमीटर! दुकानात मात्र याला ‘थोडंसं बाहेर’ म्हणतात.

चाक बाहेर आलं तर बिघडलं काय? दिसायला तर भारीच दिसतं. बिघडतं ते दिसत नाही, हीच गंमत आहे. तीन जागा आहेत.

पहिली जागा, बोल्ट. आपल्याकडे बऱ्याच युरोपियन गाड्यांना नट नसतो, बोल्ट असतो, तो चाकातून आरपार जाऊन हबमध्ये फिरतो. ऑक्टेव्हियाला एम १४, दीड मिलिमीटर आट्याचा. म्हणजे बोल्ट एक वेढा फिरला की दीड मिलिमीटर आत जातो. आता मध्ये १२ मिलिमीटरचा स्पेसर घातला आणि बोल्ट जुनाच ठेवला, तर बारा भागिले दीड, आठ वेढे गेले. समजा आधी दहा वेढे धरत होते, तर उरले दोन. आणि यातला सगळ्यात घाणेरडा भाग असा की दोन वेढ्यांवरसुद्धा बोल्ट ‘टाईट’ लागतो. इम्पॅक्ट गन कर्रर्र करून थांबते, पोरगं चाकावर थाप मारून म्हणतं, झालं. एम १४ बोल्टाला निदान सात-साडेसात वेढे धरायला हवेत, असा जर्मनीतला साधारण दंडक आहे. ते मोजायला काहीही यंत्र लागत नाही. गन बाजूला ठेवा, बोल्ट हाताने फिरवा आणि एक-दोन-तीन मोजा. पहिलीतलं पोरगं करू शकेल. पण करतो कोण?

बोल्ट लांब घेतला तरी काम संपत नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या कंपनीच्या बोल्टाचं बूड गोल असतं, वाटीसारख्या खाचेत बसणारं. बाहेरच्या बहुतेक अलॉयची खाच तिरकी, शंकूसारखी. गोल बुडाचा बोल्ट शंकूच्या खाचेत घातला तर तो पूर्ण न टेकता एका बारीक कड्यावर टेकतो. वरून बघणाऱ्याला काहीही कळत नाही.

दुसरी जागा, पाठ. इथे बहुतेकांचा समज असतो की चाक बोल्टांवर ‘टांगलेलं’ असतं. तसं नसतं. बोल्ट चाकाला हबवर इतक्या जोरात दाबून धरतात की दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणानेच चाक जागच्या जागी राहतं. किती जोरात? हिशोब सोपा आहे. टॉर्क भागिले ०.२ भागिले बोल्टाचा व्यास. १२० न्यूटन-मीटर टॉर्क धरला आणि व्यास ०.०१४ मीटर, तर एका बोल्टाचा दाब येतो जवळपास ४३ हजार न्यूटन, म्हणजे ४.३ टनांच्या वर. पाच बोल्ट मिळून जवळपास २२ टन. मूर्तिजापूरच्या टोलवर उभा असलेला एखादा भरलेला ट्रक चाकावर ठेवल्यासारखं.

आता दुसरा आकडा, जो मला स्वतःला सगळ्यात जास्त भीतिदायक वाटतो. हा २२ टनांचा दाब टिकतो तो बोल्ट ताणला गेल्यामुळे, स्प्रिंगसारखा. आणि ३० मिलिमीटर लांबीचा बोल्ट या दाबाखाली ताणला जातो किती? पोलादाचे आकडे घालून बघितलं तर ०.०५ मिलिमीटर. केसाच्या जाडीपेक्षाही कमी! सगळी इमारत या केसावर उभी. म्हणून पृष्ठभाग स्वच्छ, सपाट, धातूला धातू टेकणारा हवा. आता तुमच्या स्पेसरवर झकास काळी पावडर कोटिंग आहे. पावडर कोटिंगचा थर सहज ०.०६ ते ०.१ मिलिमीटर असतो. तो पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये दबला, चुरगळला, की बोल्टाचा ताण गेला. बोल्ट फिरला नाही, सुटला नाही, तरीही सैल झाला. हबवरचा गंज न घासता स्पेसर बसवला तरी तेच. आणि स्पेसर घातला की अशी टेकायची पृष्ठं एकाची दोन होतात.

तिसरी जागा, मध्यभाग. हबला मधोमध एक गोल ओठ असतो, आणि चाकाचं मधलं भोक त्यावर घट्ट बसतं. व्हर्टस, स्लाव्हिया, ऑक्टेव्हिया, सगळ्यांचं हे माप ५७.१ मिलिमीटर. चाक बरोबर मध्यावर बसवायचं काम त्या ओठाचं. पातळ स्पेसर टाकला की हा ओठ स्पेसरच्याच जाडीत गडप होतो आणि चाकाला धरायला काही उरत नाही. मग चाक फक्त बोल्टांच्या भरवशावर मध्यावर येतं, म्हणजे येतंच असं नाही. ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं, भाऊ पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतो, आणि बॅलन्सिंगवाला खूश. बऱ्या स्पेसरला स्वतःचा ओठ कोरलेला असतो. लेथवर कापलेल्या चकतीला कुठून असणार?

आणि हो, अॅडॉप्टरचं तर विचारूच नका. व्हर्टस-स्लाव्हियाचा बोल्टांचा घेर ५ × १००, ऑक्टेव्हियाचा ५ × ११२. ऑक्टेव्हियाची चाकं स्वस्तात मिळाली म्हणून ती व्हर्टसला घालायची तर मध्ये एक जाड चकती, जी आतून एका घेराने हबला आणि बाहेरून दुसऱ्या घेराने चाकाला जोडलेली. म्हणजे पाचाचे दहा बोल्ट. त्यातले पाच चाकाच्या मागे, न दिसणारे. ते सैल झाले तर तुम्हाला कळणार कसं? चाक खोलल्याशिवाय नाहीच.

मागच्या एका सुट्टीत मित्राबरोबर असल्याच एका दुकानात गेलो होतो. दुकान कुठलं ते महत्त्वाचं नाही, अशी दोन्ही शहरांत आहेत. माणूस स्वभावाने चांगला होता, चहा पाजला. संवाद साधारण असा झाला:

"दादा, स्पेसर कशाचे आहेत?"

"अलुमिनियमचे. एक नंबर माल."

"कुठल्या ग्रेडचं? वर काही ठसा वगैरे?"

"ठसा कायले पाह्यजे भाऊ? चाकाच्या मागं रायते ते, कोन पायते?"

"बोल्ट लांबवाले देता ना?"

"हेच बसते. लय गाड्यायले बसवले आपन."

"टॉर्क पाना आहे का?"

यावर त्याने गन उचलून दाखवली. "याच्यापेक्षा टाईट कोनाच्या बापाच्यानं होत नाई." आणि मग तो अजरामर युक्तिवाद: "आजपर्यंत एकबी गाडी वापस नाई आली."

आता मी पडलो आयटीवाला. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येतं, त्यामुळे ते वेशभूषा बदलून आलं तरी ओळखू येतं. गाडी वापस येणार कशी राजेहो? गाडी पुण्याची. सैल झालेला बोल्ट मेहकरच्या पुढे कुठेतरी लक्षात येईल, तिथल्याच टायरवाल्याकडे कसला जाईल, आणि अमरावतीच्या दुकानाचा रेकॉर्ड शंभर टक्के स्वच्छ राहील. ज्या सिस्टिममध्ये चुकीची बातमी चूक करणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, तिथे ‘आजपर्यंत काही झालं नाही’ या वाक्याची किंमत शून्य असते. (मित्राने स्पेसर घेतले नाहीत. सीट कव्हर घेतलं. दुकानदार नाराज झाला नाही.)

बोल्टाचं झालं. आता रस्त्याकडे वळू, कारण सगळा खेळ शेवटी तिथे आहे.

विक्रमी लेन ७५ किलोमीटरची आहे, वऱ्हाड त्याहून बराच मोठा आहे. मूर्तिजापूरला उजवीकडे दर्यापूरला वळा, किंवा अकोल्याहून आतल्या एखाद्या गावाला जा. आपल्याकडची जमीन काळी, कपाशीची. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वर केलेला रस्ता दरवर्षी तिच्याबरोबर वरखाली होतो. म्हणून आपल्याकडे रस्त्याला खड्डा नसला तरी लाट असते, आणि पुलाच्या तोंडाशी पायरी असते. कंत्राटदार खातो हे खरंच, पण माती पण खाते. त्यात एकेरी रस्ता, समोरून कपाशीचा ट्रॅक्टर, आणि तुम्हाला एक बाजू खाली उतरवावी लागणार. डांबराची तुटलेली कड टायरच्या बाजूला, नेमकी भिंतीवर लागते.

ती भिंत किती उंच? कंपनीच्या २०५/५५ आर १६ टायरची भिंत ११३ मिलिमीटर. १८ इंचीवर २२५/४० घातला तर ९०. एकूण व्यास जवळपास तोच राहतो (६३२ चा ६३७ होतो), त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. दुकानदार हा आकडा अभिमानाने सांगतो आणि तो खराही असतो. पण धक्का झेलायची जागा वीस टक्के कमी झाली हे तो सांगत नाही. भार पेलायचा आकडाही बघावा लागतो. मूळ टायरवर ९१ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. स्वस्तातला ८८ आकड्याचा टायर घातलात तर ५६० किलो. चार माणसं, दिवाळीचं सामान, मे महिन्यात अकोल्याचं ४५ च्या पुढचं तापमान. टायरला काय वाटत असेल?

आता ‘हँडलिंग सुधारतं’ या युक्तिवादाकडे. हा युक्तिवाद करणारे लोक वाचलेले असतात, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर. ट्रॅक रुंद झाला की वळणावर वजन कमी सरकतं, हे बरोबर. पण दोन्हीकडे २०-२० म्हणजे ४० मिलिमीटर, दीड मीटरच्या ट्रॅकवर जेमतेम पावणेतीन टक्के. त्याच वेळी चाक बाहेर गेल्यामुळे स्प्रिंगवर त्याची तरफ वाढते, म्हणजे स्प्रिंग तेवढी मऊ झाल्यासारखी वागते. एका हाताने घेतलं ते दुसऱ्या हाताने दिलं.

आणि यात एक गोष्ट जाते ती कुणी सांगत नाही. स्टिअरिंग ज्या अक्षावर वळतं तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायर टेकतो त्या जागेच्या मध्यापासून थोडा दूर पडतो. या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. तो अक्ष मध्याच्या बाहेरच्या बाजूला पडावा, अशी रचना १९७२ च्या ऑडी ८० ने गाजवली, आणि पुढे अनेक पुढच्या चाकांच्या ओढीच्या गाड्यांनी ती उचलली. फायदा असा की एका बाजूचा ब्रेक जास्त लागला, किंवा एक चाक चिखलात आणि एक डांबरावर असलं, तर स्टिअरिंग आपोआप गाडी सरळ ठेवायच्या दिशेने ढकललं जातं. हे अंतर काही मिलिमीटरांचंच असतं. त्यात तुम्ही २० मिलिमीटरची चकती टाकलीत, तर स्क्रब रेडियस नेमका २० ने बदलतो आणि मदत करणारं स्टिअरिंग उलटा हिसका द्यायला लागतं. एरवी कळणार नाही. कळेल ते जोरात ब्रेक मारल्यावर, पावसात, डावी चाकं खाली उतरलेली असताना.

हे म्हणजे दुसऱ्याच्या कोडमधली ‘ही ओळ इथे कशाला आहे’ म्हणून डिलीट केलेली ओळ. ती कशाला होती ते रात्री दोन वाजता कळतं.

"पण जर्मनीत सगळे लावतात!" हो, लावतात. आणि स्पेसरबरोबर चाचणीचा कागद येतो, कुठल्या गाडीला, कुठल्या टायरबरोबर, किती जाडीचा चालेल ते त्यात लिहिलेलं असतं. बसवल्यावर तपासणी होते, गाडीच्या कागदावर नोंद होते. जपानमध्ये अलॉयवर जेडब्ल्यूएलचा ठसा असतो, आणि स्वतंत्र तपासणी झालेली असेल तर व्हीआयएचा. आपण जर्मनीची चकती आयात केली, कागद तिथेच राहिला. पुष्कळदा चकतीही जर्मनीची नसते, नुसतं नाव असतं.

"पण बेअरिंग वगैरे जातात ही अफवा आहे." बऱ्याच अंशी मान्य! १० मिलिमीटरने बेअरिंग उद्या सकाळी फुटतं असं म्हणणारे लोक घाबरवतात. आयुष्य कमी होतं, किती ते गाडीवर आणि चालवण्यावर. मी बेअरिंगवर भांडतच नाहीये. मी बोल्ट, पाठ आणि मध्यभाग यांवर भांडतोय, कारण बेअरिंग आवाज करून सांगतं, बाकीचे सांगत नाहीत.

"कायदा कुठे काय म्हणतो?" कायदा म्हणतो, आणि भरपूर म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल करू नका. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं: परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी तिला भांडायला आयतंच निमित्त.

पण माझा राग कायद्यावरही आहे. पोर्शसारख्या कंपनीच्या दर्जाचा स्पेसर आणि एमआयडीसीतल्या लेथवर कापलेली चकती, यात तो काही फरकच करत नाही. दोन्ही सारखेच बेकायदा, म्हणून दोन्ही सारखेच विकले जातात, आणि स्वस्तातला जिंकतो. चौकात पोलीस पकडतात ते काळी काच आणि फटाके वाजवणारा सायलेन्सर, कारण ते दिसतं आणि ऐकू येतं. २०२३ मध्ये समृद्धीवर अपघात वाढल्यावर आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. चांगलं केलं. पण गुळगुळीत टायर बाहेरून दिसतो, चाकामागचे दोन वेढे दिसत नाहीत. पुण्यात १९६६ पासून एआरएआय सारखी संस्था आहे, गाड्या तपासणं हेच तिचं काम. तिच्याकडून भाग तपासून, कुठल्या गाडीला चालतो ते लिहून, ठसा मारून विकायची वाट सरकारने का काढू नये? सरसकट बंदीने हौस मरत नाही, ती गल्लीत जाते. ज्याला हौस आहे त्याला पैसे देऊन बरोबर करता आलं पाहिजे, आणि ज्याने चुकीचं विकलं त्याच्यापर्यंत बातमी आणि दंड दोन्ही पोचले पाहिजेत.

तोपर्यंत काय? माझा सल्ला: लावू नका. देखणेपण हवंच असेल तर मूळ मापाच्या जवळची, बरोबर घेराची, बरोबर ईटीची चांगली चाकं घ्या, स्पेसरची गरजच पडत नाही. १७ इंचीवर २२५/४५ घातला तर भिंत १०१ मिलिमीटर राहते, वऱ्हाडात त्याच्या पलीकडे जाऊ नये असं माझं मत. आणि एवढं सांगूनही ज्यांची गाडी आधीच बाहेर आलेली आहे, त्यांनी उद्या सकाळी गाडी थंड असताना हे करा:

१. एक चाक खोला आणि बोल्ट हाताने फिरवून वेढे मोजा. सातच्या खाली असतील तर त्या गाडीने ऑफिसला जाऊ नका.

२. बोल्टाचं बूड आणि चाकाची खाच एकाच आकाराची आहे का ते बघा.

३. स्पेसरला स्वतःचा ओठ आहे का, आणि चाक त्यावर घट्ट बसतं का ते बघा. हाताने हलत असेल तर काढून टाका.

४. दोन्ही पाठी गंज, रंग, ग्रीस नसलेल्या हव्यात. बोल्टाच्या आट्यांना तेल लावू नका. तेवढ्याच टॉर्कला दाब भलताच वाढतो.

५. गनने शेवट करू नका. टॉर्क पाना, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला आकडा, चांदणीच्या क्रमाने.

६. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा. अमरावतीहून अकोल्याला निघालात तर साधारण मूर्तिजापूर. चहाला तसंही थांबताच.

७. अॅडॉप्टर असेल तर वरचे सहाही मुद्दे सोडा आणि तो काढा.

शेवटचा एक हिशोब, आणि मग थांबतो. टायरसकट चाकाचं वजन २२ किलो धरा. ताशी १०० ने धावणाऱ्या गाडीचं चाक निसटलं तर ते बाराव्या-तेराव्या मजल्यावरून टाकलेल्या २२ किलोच्या गोट्याएवढ्या जोराने पुढे जातं, आणि स्वतःभोवती फिरण्याचा जोर वेगळाच. तुमच्या गाडीत एअरबॅग आहेत, ईएससी आहे, गाडी घासत घासत कडेला थांबेलही. चाक थांबत नाही. ते दुभाजक ओलांडून पलीकडे जातं. आणि पलीकडे महामार्ग ५३ वर कोण असतं? बोरगाव मंजूहून अकोल्याला निघालेला, पुढे डबा आणि मागे बायको बसवलेला, हेल्मेट आरशाला अडकवलेला एखादा स्प्लेंडरवाला. त्याने तुमची फिटमेंट पाहिलेली नाही. त्याला ऑफसेट माहीत नाही. "काई होत नाई" हे दुकानदार तुम्हाला म्हणाला होता, पण त्याची जबाबदारी या तिसऱ्याच माणसाच्या अंगावर टाकली गेली, आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

हौस तुमची आहे, तर हिशोबही तुमचाच हवा. नाहीतर १६ इंची चाकं काय वाईट दिसतात हो?

असो. स्पेसरवाल्या मित्रांनी मला जरूर शिव्या घालाव्यात, फक्त आधी बोल्टाचे वेढे मोजून याव्यात. :-)